कोऱ्या पाठीचा नकाशा

१

"हा नकाशा नकली आहे," प्राध्यापक म्हणाले आणि हातातलं भिंग त्यांनी टेबलावर उपडं ठेवलं.

संचालकांचा कप बशीत खडखडला. संध्याकाळी प्रदर्शनाचं उद्घाटन होतं. संग्रहालयाच्या दालनात खुर्च्या मांडल्या जात होत्या. शहरभर फलक लागले होते आणि प्रत्येक फलकावर हाच नकाशा होता. साडेतीनशे वर्षांपूर्वी डच कारागिरांनी तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेला, हातानं रंगवलेला. चारी कोपऱ्यांत गाल फुगवून वारा फुंकणारी तोंडं, मधल्या समुद्रात शिडांची जहाजं, आणि उजवीकडे एका अनोळखी भूमीचा हिरवा किनारा. तो किनारा मध्येच थांबला होता. शोधायला गेलेलं जहाज तिथून मागे फिरलं, म्हणून कोरणाऱ्यानं पुढचा कागद पांढराच सोडला होता.

"नकली कसा असेल?" संचालक म्हणाले. "कप्तानांनी चाळीसेक वर्षं सांभाळून मग संग्रहालयाला दिलाय तो."

"त्यांनी सांभाळला तो खराच असणार. हा तो नाही." प्राध्यापकांनी फ्रेममधून काढलेला नकाशा उलटा केला. "त्या काळी हिरवा रंग तांब्याच्या कळंकापासून करायचे. कल्हई गेलेल्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो ना, तसा तो रंग वर्षानुवर्षं कागद खात राहतो. जिथे पुढे हिरवं, तिथे मागे तपकिरी डाग फुटतोच. कप्तानांनीच मला सांगितलं होतं, त्यांच्या नकाशाच्या पाठीवर सगळा किनारा चहा सांडल्यासारखा उमटलाय म्हणून. आणि ही पाठ बघा. बाळाच्या पाठीसारखी कोरी!"

सगळ्यांच्या नजरा दाराशी उभ्या असलेल्या मुलीकडे वळल्या. ती संग्रहालयातली कागद दुरुस्त करणारी. तिच्या खोलीत कायम चिकटवायची खळ शिजत असायची, म्हणून सगळे तिला खळताई म्हणत. नकाशा दीड महिना तिच्याच ताब्यात होता.

"मला जो दिला, तोच मी परत केला," ती म्हणाली.

खुर्चीत बसलेल्या कप्तानांनी हात पुढे केला. मालवाहू जहाजांवर आयुष्य गेलेला माणूस. आता डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, त्यामुळे बघणं जवळजवळ बोटांनीच. त्यांनी नकाशाच्या कडेवरून अंगठा फिरवला, मग मधूनमधून किनारा चाचपला. चेहरा उजळला. नकाशा उलटून त्यांनी पाठीवर हात फिरवला आणि कपाळाला आठी पडली.

"पुढून हा माझाच आहे," ते म्हणाले. "मागून नाही."

त्यांच्या बायकोनं, म्हणजे सगळ्यांच्या काकूंनी, पदरानं डोळे टिपले. "धक्का बसलाय त्यांना," त्या हळूच म्हणाल्या. "काहीतरीच बोलताहेत."

२

इन्स्पेक्टरबाईंना नकाशांतलं ओ की ठो कळत नव्हतं आणि त्यांनी ते आल्या आल्या सांगून टाकलं. पण समोरचा बोलायला लागला की त्या एकच प्रश्न विचारत, "पाहिलंत, की वाटलं?" चौकीतले शिपाई त्यांच्या माघारी त्यांना 'पाहिलंतबाई' म्हणत. हेही त्यांना माहीत होतं.

"खरा नकाशा कोणत्या हातांतून गेला?" त्यांनी संचालकांना विचारलं.

"कप्तानांकडून खळताईकडे. एक फाटलेली कड जोडायची होती. तिच्याकडून फ्रेमवाल्याकडे, म्हणजे कप्तानांच्या पुतण्याकडे. आठवडाभर त्याच्या दुकानात होता. परवा फ्रेम भिंतीवर लागली, ती आज सकाळी प्राध्यापकांसाठी उतरवली."

"खळताईंनी परत केला तेव्हा पाठीवर डाग होते?"

"असणारच."

"पाहिलंत, की वाटलं?"

संचालकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "वाटलं," ते म्हणाले. "मी पुढूनच पाहिला. देखणा दिसत होता."

प्राध्यापकांची गाठ पडली तेव्हा ते परतीच्या गाडीची चौकशी करत होते.

"डागांशिवाय आणखी काही खूण असते का, अस्सलपणाची?" बाईंनी विचारलं.

"असते. तांब्याचा पत्रा कागदावर दाबून छापायचे. त्यामुळे पत्र्याची कड कागदात रुतते. चित्राभोवती चौकट दबलेली दिसते."

"या नकाशाला ती आहे?"

"आहे. पण त्यानं काही सिद्ध होत नाही. नकला करणारे साधा पत्रा दाबूनही तशी कड पाडतात. डाग मात्र पाडता येत नाहीत, त्याला काळच लागतो. पाठ पाहिली आणि मी तिथेच थांबलो."

खळताईची खोली पाहून बाई दारातच थबकल्या. शेगडीवर खळीचं पातेलं, भिंतीला लागून दाबयंत्र, कपाटात जुन्या कोऱ्या कागदांची चळत. चोरीचा आळ घ्यायला याहून सोयीची खोली सापडली नसती.

"डाग तुम्ही पाहिले होते?"

"रोज," खळताई म्हणाली. "तिथला कागद इतका हळवा झालाय की मी श्वासही जपून घेत होते. मॅडम, मी फाटलेली कड जोडली, तेवढंच. संचालक म्हणाले, संध्याकाळपर्यंत नकाशा मिळाला नाही तर राजीनामा दे." ती थांबली. "मी सकाळी घरी फोन केला. बाबा नुसते 'निघतो' म्हणाले."

बाईंनी तिच्या बोटांकडे पाहिलं. टेबलावरचा कुणाचा तरी फाटका कागद ती अजूनही सरळ करत होती.

"आणि हो, तुमच्याशिवाय कागदाचं हे काम जमणारं इथे कोण आहे?"

खळताईनं मान खाली घातली. "मला कुणाचं नाव घ्यायचं नाही. मी चोरी केली नाही, एवढंच सांगते."

३

पुतण्याचं दुकान त्याच रस्त्याच्या टोकाला होतं. आत शिरताच सुकलेल्या लाकडाचा आणि वार्निशचा वास. भिंतीवर रिकाम्या फ्रेमा एकात एक अडकवलेल्या, आणि मागच्या मांडणीवर बांधणी उसवलेली दांडगी जुनी पुस्तकं.

पुतण्या हसतमुख, बोलायला लाघवी. बाईंसाठी त्यानं खुर्ची झटकली.

"काकांनी मला लेकासारखं वाढवलं, बाई. त्यांच्यासाठी वाईट वाटतं. पण त्या पोरीला दोष देऊ नका हो. मोह कुणाला सुटलाय?"

"तुमच्याकडे नकाशा आला तेव्हा पाठ कशी होती?"

"कोरी. आत्ता आहे तशीच."

"मग तुम्ही बोलला नाहीत?"

"काय बोलणार? मागे डाग असतात, हे मला आज प्राध्यापकांकडून कळलं. मी त्याची पाठ जन्मात पाहिली नव्हती. काकांच्या घरी तो कायम काचेत. आम्हाला हात लावायची टाप होती का?"

बाई मांडणीपाशी गेल्या. एक जाडजूड पुस्तक त्यांनी उघडलं. पुठ्ठा, आणि लगेच छापील पान. दुसरं उघडलं, तेही तसंच. आधीची कोरी पानं मुळाशी कापलेली होती.

"कोरी पानं कुठे गेली?"

"जुना कागद हातानं केलेला असतो, दणकट. फ्रेमच्या आत टेकू म्हणून लावतो," तो सहज म्हणाला. मग आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "बाई, एक विनंती होती. तो नकली कागद तुमचं काम झालं की मला द्याल? काकांनी तो मागून घेतला तर रोज कुरवाळत बसतील आणि जीव जाळतील. त्यापेक्षा मी तो त्यांच्या माघारी जाळून टाकतो. एकदाचा विषय संपेल."

"तुमचं काकांवर फार प्रेम दिसतं," बाई म्हणाल्या.

रस्त्यावर आल्यावर मात्र त्यांनी शिपायाला बजावलं, "तो कागद संचालकांच्या कपाटातून हलता कामा नये. कुलपाची किल्ली माझ्याकडे आण."

"नकलीला कशाला कुलूप, बाई?"

"तेच तर मला कळत नाहीये," बाई म्हणाल्या.

४

कप्तानांच्या घरात दुपारची वामकुक्षी कुणी घेतली नव्हती. बैठकीच्या भिंतीवर नकाशाच्या जागी एक फिकट चौकोन उरला होता आणि कप्तान त्याच्याकडे तोंड करून बसले होते.

काकूंनी पाणी आणून ठेवलं. "यांच्याशी लग्न झालं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, पोराला एकही वाईट नाद नाही. सवत घरात टांगलेली आहे, हे कुणी बोललंच नाही!" त्या हसल्या आणि लगेच रडवेल्या झाल्या. "पण बाई, ती सवतही आता घरातलीच झाली होती हो."

"तो कायम काचेतच असायचा?"

"छे! काच तर गेल्या काही वर्षांतली. आधी हे लाकडी पेटीत ठेवायचे. पुतण्या लहान होता तेव्हा एकदा पेटी उघडी राहिली. हा पठ्ठ्या नकाशा उलटा पसरून मागच्या तपकिरी डागावर पेन्सिलनं किनारा गिरवत बसलेला! यांनी असा धपाटा घातला म्हणता! उभ्या आयुष्यात त्याला तेवढंच एकदा मारलं."

बाईंच्या हातातला पेला ओठांपाशीच थांबला. पण त्यांनी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही.

"तुम्ही सकाळी म्हणालात," त्या कप्तानांकडे वळल्या, "पुढून माझा, मागून नाही. म्हणजे काय?"

"म्हणजे तेच," कप्तान चिडून म्हणाले. "सगळे मला म्हातारचळ लागल्यासारखे समजावताहेत. अहो, पुढून हात फिरवला तर सगळं जिथल्या तिथे. पत्र्याची कड डावीकडे जरा जास्त रुतलीय, तीही तिथेच. उलटा केला तर गुळगुळीत. माझ्या नकाशाची पाठ खडबडीत आहे. मी पाहिलं ते सांगतो. वाटलं ते नाही."

हे वाक्य ऐकून बाईंना त्या म्हाताऱ्याबद्दल एकदम माया वाटली. त्यांनी जबाबाचा कागद पुढे ओढला आणि पेन दाबून दाबून लिहायला घेतलं. मनात राग असला की त्यांचं पेन नेहमीच कागदात रुतायचं. कागद संपला. त्यांनी तो उलटा केला आणि पाठीवर तळहात ठेवला.

हाताखाली अक्षरं लागली. उठून आलेली, उलटी, सगळीच्या सगळी.

बाई ताडकन उभ्या राहिल्या. पेला लवंडला.

"काय झालं?" काकू घाबरल्या.

"काकू, साडी बदला. कप्तान, चप्पल घाला," बाई म्हणाल्या. "तुमचा नकाशा चोरीला गेलेलाच नाही."

५

संग्रहालयाच्या मागच्या अंगणात सगळे जमले, तेव्हा ऊन अजून कडक होतं. प्राध्यापकांची गाडी चुकली होती आणि त्याबद्दल ते शिपायाला ऐकवत होते. खळताई भिंतीला टेकून उभी होती. पुतण्या सगळ्यांत शेवटी, पण हसत आला.

"बोलावलंत, बाई?"

"तुमची विनंती मान्य केली." बाईंनी वर्तमानपत्रात बांधलेली गुंडाळी वर धरली. "मात्र माघारी कशाला? कप्तानांच्या समोरच जाळा. विषय संपेल."

अंगणात एक लोखंडी घमेलं ठेवलं होतं. शिपायानं त्यात वाळक्या काटक्या रचल्या आणि पेटवल्या.

"इथे?" पुतण्याचं हसू जागच्या जागी राहिलं. "इथे नको. धूर होईल. पाहुणे यायचेत."

"संचालकांची हरकत नाही."

"मुळीच नाही," संचालक म्हणाले. बाईंनी त्यांना काय सांगून ठेवलं होतं कोण जाणे, पण घाम त्यांनाही फुटला होता.

"मी घरी नेऊन जाळतो ना. पुरावा आहे, असा कसा—"

"नकली कागद आहे हो. प्राध्यापकांचा शब्द आहे. जाळत नसाल तर मी टाकते."

बाईंनी हात लांब केला. गुंडाळीच्या टोकाला ज्योत लागली. वर्तमानपत्राची कड काळी पडून वळली.

"नको!" पुतण्या घमेल्यावर झेपावला. गुंडाळी त्यानं ओढून घेतली, छातीशी दाबून विझवली, सदरा करपला तरी सोडली नाही. "वेड लागलंय का तुम्हाला? अहो, खरा आहे तो!"

"उघडा," बाई शांतपणे म्हणाल्या.

त्यानं वर्तमानपत्र उलगडलं. आत उद्घाटनाचा कालच छापलेला फलक होता.

६

खरा नकाशा खळताईच्या टेबलावर पसरला होता. बाईंनी सगळ्यांना भोवती उभं केलं.

"प्राध्यापक, पत्रा कागदात दाबला की पुढे खळगा पडतो. मग मागे?"

"मागे उठाव येतो. अर्थातच."

"पुढची कड चाचपा. आता पाठ चाचपा."

प्राध्यापकांनी बोट फिरवलं. एकदा, दोनदा. त्यांचा चेहरा पडला. "मागे काहीच नाही," ते पुटपुटले. "सपाट आहे. हे... हे शक्यच नाही."

"एकाच कागदाला शक्य नाही. कड खोटी पाडली असती तरी मागे उठाव आला असता. म्हणजे आपण ज्याला पाठ म्हणतोय, ती या नकाशाची पाठच नाही. कप्तान सकाळपासून तेच सांगताहेत. मागून अस्तर चिकटवलंय. तितक्याच जुन्या कागदाचं, रंगात रंग मिसळणारं. धरा उजेडासमोर."

खळताईनं नकाशा खिडकीशी धरला. हातानं केलेल्या एका कागदात साच्याच्या जाळीच्या दाट रेघा एकाच दिशेनं जातात. इथे उभ्याही होत्या आणि आडव्याही, एकमेकींना छेदणाऱ्या. दोन कागद. मधोमध, नकाशाच्या घडीवर, अस्तराचा जोडही बारीक दिसत होता.

"पुस्तकांतली कापलेली कोरी पानं," बाई म्हणाल्या. "चोरी न करता चोरी करायची होती. खऱ्याला खोटं ठरवलं की त्याला कुणी विचारत नाही. मग घरचाच माणूस दयेपोटी तो घेऊन जाणार, अस्तर काढणार आणि एखाद्या परदेशी गिऱ्हाइकाला विकणार. हे अस्तर लावणं दोघांनाच जमलं असतं, खळताईला किंवा तुम्हाला. पण खळताईनं लावलं असतं तर तिच्या पदरात काय पडलं असतं? चोरीचा आळ आलेल्या माणसाला तो कागद कुणीच दिला नसता. तो मागितलात तुम्ही. वर म्हणालात, पाठ जन्मात पाहिली नाही. लहानपणी त्याच पाठीवर किनारा गिरवताना धपाटा खाल्लात, हे काकूंनी मला हसत हसत सांगितलं."

काकूंनी तोंडावर हात ठेवला.

पुतण्या कुणाकडेच बघत नव्हता. "संग्रहालयाला देऊन टाकला तुम्ही," तो कप्तानांना म्हणाला. "मला एका शब्दानं विचारलं नाहीत."

"नाही विचारलं," कप्तान म्हणाले. "पण त्या पोरीचं आयुष्य का उधळायला निघालास? तिनं काय केलं होतं तुझं?"

शिपायानं त्याच्या दंडाला धरलं आणि दोघे बाहेर पडले.

"अस्तर निघेल का?" संचालकांनी विचारलं. आवाजात चक्क विनवणी होती.

खळताईनं पाठीला नाक लावून वास घेतला. आज पहिल्यांदा ती हसली. "खळच आहे. त्यालाही ते काढायचंच होतं ना! निघेल. पण घाई करायची नाही, आणि कुणी बोलायचं नाही."

तिनं ओलसर टिपकागद पसरले, वर काच ठेवली, वाट पाहिली. मग हाडाची पातळ पट्टी एका कोपऱ्यातून आत सरकवली. अस्तर दमानं, साय उचलावी तसं उठू लागलं. आधी पत्र्याच्या कडेचा उठाव दिसला. मग एक तपकिरी ठिपका. मग रेघ. मग खाड्या, भूशिरं, बेटं. अख्खा किनारा उलटा होऊन कागदाच्या पाठीवर चढत गेला आणि जिथे जहाज मागे फिरलं होतं तिथे थांबला. त्याच्या एका खाडीत पेन्सिलची पुसट, वेडीवाकडी रेघही होती.

"आला," काकू म्हणाल्या आणि त्यांनी कप्तानांचा हात धरून त्या खडबडीत किनाऱ्याजवळ नेला. खळताईनं मान डोलावली, तेव्हाच कप्तानांनी बोटाचं टोक अलगद टेकवलं. बराच वेळ त्यांनी ते उचललं नाही.

प्राध्यापक घसा खाकरून म्हणाले, "खळताई, मी तुमची माफी मागतो. आणि संध्याकाळी सगळ्यांसमोर परत मागणार आहे."

"सर, तुम्ही माझा राजीनामा मागितला होता," खळताई संचालकांना म्हणाली.

"कोणता राजीनामा?" संचालक म्हणाले. "मला तर काही आठवत नाही!"

"मला आठवतं," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. "तेव्हा तुम्हीही माफी सगळ्यांसमोरच मागा."

७

उद्घाटनाला नकाशा दोन काचांमध्ये, दालनाच्या मधोमध उभा केला होता. पुढूनही बघावा, मागूनही बघावा. शहरात बातमी वाऱ्यासारखी पसरली होती. वाऱ्याची तोंडं आणि जहाजं बघायला आलेली माणसं आता पाठ बघायला रांग लावत होती. प्राध्यापकांनी माफी मागितली, संचालकांनी त्याहून मोठ्यानं मागितली. फीत कापायला कप्तानांना पुढे केलं, तर त्यांनी कात्री खळताईच्या हातात दिली आणि काकूंनी सगळ्यांच्या आधी टाळ्या सुरू केल्या.

इन्स्पेक्टरबाई खांबाशी उभ्या राहून गार सरबत पीत होत्या. तेवढ्यात दारात एक गृहस्थ दिसले. प्रवासानं चुरगळलेला सदरा, डोळे लाल, हातात दोन मोठ्या रिकाम्या पिशव्या.

"इथे माझी मुलगी कामाला आहे," ते पहारेकऱ्याला म्हणाले. "कागदाचं काम करते. तिचं सामान न्यायला आलोय. मागच्या दारानं जाऊ का? लोकांसमोर नको."

"खळताईंचे वडील?" पहारेकरी खूश झाला. "काका, आज त्यांना भेटायचं तर रांगेत यावं लागेल. ती बघा, जिन्यापर्यंत गेलीय."

ते गृहस्थ रांगेकडे बघत राहिले. मग पुढच्या माणसाला विचारून त्यांनी खात्री केली की रांग खरंच तिच्यासाठीच आहे. सरबत ठेवून बाई त्यांना पुढे न्यायला निघाल्या होत्या, पण त्यांनी मान हलवली. पिशव्यांची नीट घडी घालून त्या काखेत मारल्या आणि ते सगळ्यांत मागे जाऊन उभे राहिले. पुढचे कुणी काही बोलले की ते कान देऊन ऐकत आणि मागे नवीन माणूस आला की त्याला सगळं सांगत.

त्यांचा नंबर आला तेव्हा खळताई काचेवरचा ठसा पुसत होती. तिनं वर न बघताच विचारलं, "कुठून सांगू? पुढून, की मागून?"

"अगदी सुरुवातीपासून सांगा, बाई," ते म्हणाले. "मला कसलीच घाई नाही."